स्वकष्टार्जित

दिवाणी वकिलाच्या आयुष्यात दोन शब्द फार महत्त्वाचे. एक 'वडिलोपार्जित' आणि दुसरा 'स्वकष्टार्जित'. डॉक्टरांना जसं 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर', तसे आम्हांला हे दोन. गेली तीस वर्षं मी कोल्हापुरात वाटणीचे दावे चालवतो आहे, आणि या तीस वर्षांत आपल्या ताब्यातली जमीन, घर, दुकान, फार काय अंगणातलं नारळाचं झाडसुद्धा वडिलोपार्जित आहे असं आपण होऊन कबूल करणारा पक्षकार मला भेटलेला नाही. वडिलोपार्जित असतं ते नेहमी भावाकडे. आपल्याकडे असतं ते स्वकष्टार्जित. एका पक्षकारानं तर आजोबांच्या तांब्याच्या घंगाळावर हक्क सांगताना, "साहेब, गेली वीस वर्षं चिंच लावून मी घासतोय, म्हणजे ते माझंच झालं की!" असा युक्तिवाद केला होता. मी तो कोर्टापुढे मांडला नाही एवढंच. मनातून मला तो पटला होता.

हे सगळं आठवायचं कारण असं की, नुकताच मी एक शनिवार-रविवार गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर घालवून आलो. गोवा म्हटल्याबरोबर वाचकांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं असेल ते त्यांनी आवरावं. त्या दोन दिवसांत नारळपाणी आणि मीठ घातलेलं लिंबाचं सरबत यांपलीकडे मी काही प्यालो नाही. समुद्र थोडा प्यालो, पण तो स्वेच्छेनं नव्हे. मी गेलो होतो ट्रायथलॉनच्या सरावशिबिराला.

आता पंचावन्नाव्या वर्षी हे कुठून सुचलं, असा प्रश्न आमच्या बाररूममध्येही विचारून झाला आहे. त्याचा खुलासा करतो. दीड वर्षापूर्वी आमच्या डॉक्टरांनी माझा रक्ताचा रिपोर्ट उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, रोज तासभर चाला, नाहीतर मृत्युपत्र करून ठेवा. तुम्हांला काय, ते घरच्या घरी होईल." मी चालायला लागलो. रंकाळ्याभोवती पहाटे चालणाऱ्या माणसांत एक मोठा दोष असतो, ती एकमेकांशी बोलतात. बोलता बोलता चालण्याचं धावणं झालं, धावण्यामागून सायकल आली, सायकलीमागून सायकलीचे हप्ते आले, आणि एका बेसावध सकाळी चहा पिता पिता मी मोबाइलवर गोव्याच्या शर्यतीचा फॉर्म भरून बसलो. पक्षकारांना मी रोज बजावतो, वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. आणि मी स्वतः 'सर्व अटी मान्य' हे अंगठ्यानंच दाबलं.

अटी अशा होत्या. आधी १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं. तसंच ओलेत्यानं बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल हाणायची. आणि मग कुणी दवाखान्यात न्यायच्या आत २१.१ किलोमीटर धावायचं. हे सगळं साडेआठ तासांत आटपायचं. मैलांत ही बेरीज ७०.३ भरते, म्हणून शर्यतीच्या नावातच तो आकडा आहे. २०१९ साली ही गोव्यात सुरू झाली. आणि ही झाली अर्धी शर्यत! पुऱ्या 'आयर्नमॅन'ला ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन असते. मी अर्ध्या लोहपुरुषासाठी नाव दिलंय असं घरी सांगितल्यावर आमची ही म्हणाली, "अर्धा म्हणजे कुठला? वरचा की खालचा? नाही, बाकीच्या अर्ध्याला बाम लावायचा म्हणून विचारते."

या प्रकाराचा उगम एका वादात आहे. पोहणारा अधिक दमदार, की धावणारा, की सायकलवाला, असा वाद हवाई बेटांवर एका बक्षीस-समारंभात निघाला. आपल्याकडे असा वाद कट्ट्यावरच विरतो, फार झालं तर कोर्टात येतो. पण तिथे जॉन कॉलिन्स नावाचे नौदलातले अधिकारी होते. त्यांनी तिकडच्या तीन निरनिराळ्या शर्यती एकीला एक जोडल्या आणि १९७८च्या फेब्रुवारीत खरंच ती भरवली. पंधराजण निघाले, बाराजण पोचले. गॉर्डन हॉलर पहिला आला. त्या वेळी प्रत्येकानं आपापली मदतीची माणसं बरोबर आणायची होती. गाडीतून मागोमाग यायचं आणि खायला-प्यायला द्यायचं, हे त्यांचं काम. जॉन डनबर नावाचा गडी बराच वेळ पुढे होता. पण त्याच्या माणसांजवळचं पाणी संपलं, आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. तो दुसरा आला. माणसं सोबतीला असणं आणि कामाला येणं यांतला फरक त्याला त्या दिवशी कळला असावा.

असो. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही बाराजण मिनीबसनं निघालो. सायकली टपावर. मंडळीत एक साखर कारखान्यातले इंजिनिअर होते, एक औषध दुकानदार, एक हायस्कूलच्या बाई, दोन कॉलेजातली पोरं आणि एक दातांच्या डॉक्टरीणबाई. या मला 'वकीलकाका' म्हणतात. आमचे सर फौजेतून निवृत्त झालेले. ते सगळ्यांना 'साहेब' म्हणतात, पण ते अशा सुरात की आपण नुकतेच भरती झालो आहोत असं वाटावं. हिनं डबाभर भडंग आणि धपाटी दिली होती. ती निपाणीच्या आतच संपली.

माझ्या बॅगेत पोहण्याचा चष्मा, टोपी आणि तो अंगाला चिकटणारा काळा पोशाख यांच्या खाली एक लखोटाही होता. सवड मिळाली तर शेवटचा हात फिरवावा म्हणून घेतलेला. आमच्या घरच्या वाटणीपत्राचा मसुदा. आम्ही दोघेच भाऊ. अण्णा थोरले, ते गावी शेती करतात. जमीन वडिलोपार्जित, म्हणून निम्मी-निम्मी. कोल्हापूरचं घर माझं स्वकष्टार्जित, म्हणून वाटणीच्या बाहेर. कायद्यानं बिनचूक. विहिरीकडची बाजू मी माझ्याकडे घेतली होती, कारण रस्ता त्या अंगाला आहे. अण्णा पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला येऊन सही करणार होते. "तू लिहिलंस ना, मग मी काय वाचायचं?" असं ते फोनवर म्हणाले होते. वाचल्याशिवाय सही करण्याचा रोग आमच्या घराण्यात वडिलोपार्जित असावा.

आजऱ्याच्या अलीकडे आमच्या गावाचा फाटा लागतो. तिथून बस गेली तेव्हा रात्र झाली होती. फाट्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. उतरायचं काही कारण नव्हतं.

शनिवारी पहाटे सरांनी आम्हांला मिरामारच्या वाळूत उभं केलं. मांडवी समुद्राला मिळते तिथला हा किनारा. लांबवर एक नारिंगी बोया डुलत होता. त्याला वळसा घालून यायचं. कोर्टात काळा कोट पोट झाकतो. हा काळा पोशाख पोटाविरुद्ध साक्ष देत होता. मला पोहायला येतं, पण विहिरीत. विहिरीला काठ असतो, आणि काठावर कुणीतरी असतं. मी सात वर्षांचा असताना अण्णांनी माझ्या पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधून मला आमच्या विहिरीत ढकललं होतं, आणि पाठोपाठ स्वतः उडी टाकली होती. समुद्रात ती सोय नव्हती. पन्नास हात गेल्यावर मला श्वास कुठून घ्यायचा तेच सुचेना.

"साहेब, पुढच्याचे पाय सोडू नका!" सर शेजारच्या छोट्या होडीतून ओरडले.

पोहण्यात ही मुभा असते. पुढे पोहणाऱ्याच्या पायांमागचं पाणी त्यानं आधीच कापलेलं असतं. आपण त्याच्या पायाशी राहिलो की कमी दमतो. नियमाला ते चालतं. तेव्हा मी इंजिनिअरसाहेबांचे पाय धरले, म्हणजे जवळजवळ धरलेच. पंढरपुरात मी इतक्या भक्तिभावानं कुणाच्या पायांकडे पाहिलं नव्हतं. त्या दोन तळव्यांच्या मागोमाग मी बोया गाठला आणि परत आलो. वाळूत आडवा पडून आभार मानायला गेलो, तर ते म्हणाले, "तुम्ही होता का? मला वाटलं एखादा मासा लागलाय."

न्याहारीनंतर सायकली. सरांनी आम्हांला एकामागे एक असं रांगेत घातलं. सायकलवाल्याचा खरा वैरी चढ नव्हे, वारा. पुढचा वारा फोडतो आणि मागच्याला आडोसा मिळतो. मागच्याची चांगली पाव हिस्सा ताकद तरी वाचते, असं इंजिनिअर म्हणाले. पुढचा दमला की बाजूला होऊन शेपटाला जायचं आणि दुसऱ्यानं पुढे यायचं. दोना पावलाच्या रस्त्यानं आम्ही असे निघालो तेव्हा मला फार उदात्त वाटलं. बाराजण, एक रांग, ज्याच्या त्याच्या पाळीला वारा. सहकार चळवळ महाराष्ट्रात का रुजली असेल ते एकदम समजलं. माझी पाळी आली तेव्हा ती का अडखळली असेल तेही समजलं.

"मजा आली?" परतल्यावर सर म्हणाले. "आता विसरा. शर्यतीत हे चालत नाही. दोन सायकलींत १२ मीटर अंतर. कमी झालं की ते ड्राफ्टिंग. पकडलं की पाच मिनिटं तंबूत बसायचं."

ड्राफ्टिंग! तीस वर्षं मी त्या शब्दावर पोट भरलं. कोर्टात माझं ड्राफ्टिंग उत्तम समजलं जातं. तोच शब्द इथे गुन्हा होता.

संध्याकाळी किनाऱ्यावर सगळे फोन घेऊन पांगले. बारा माणसं, बारा फोन. डॉक्टरीणबाई सासूबाईंना, धाकट्याचं औषध फ्रिजच्या दारात आहे असं सांगत होत्या. दुकानदार भावाला शनिवारचा गल्ला विचारत होते. हायस्कूलच्या बाई आपल्या जागी परीक्षेच्या देखरेखीला उभ्या राहिलेल्या मैत्रिणीला, आल्यावर काजू आणते म्हणून समजावत होत्या. कॉलेजातलं एक पोरगं, "पप्पा, अजून थोडे पाठवा ना" एवढंच बोललं. मी माझ्या ज्युनिअरला, सोमवारच्या कामाची कागदपत्रं लाव, असं बजावलं आणि नंतर हिला फोन केला. "बुडाला नाहीत ना? मग झोपा," असं म्हणून तिनं फोन ठेवला. शर्यतीच्या अर्जात आम्ही बाराजण होतो. प्रत्यक्षात तिथे चाळीस-पन्नास माणसं राबत होती.

पण हे मला त्या वेळी सुचलं नाही. माणसाला सुचतं ते चोरी केल्यावर.

रविवारी शर्यतीची रंगीत तालीम. थोडं पोहून साठ किलोमीटर सायकल आणि वर दहा किलोमीटर धावणं. बारा मीटरचा नियम लागू. चाळीस किलोमीटर मी सरळ मार्गानं गेलो. परतीच्या वाटेवर वारा समोरून आला. समोरून म्हणजे वैयक्तिक वैर असल्यासारखा. मांड्या भरल्या, घशाला कोरड पडली. जेलची पुडी तोंडात पिळली, ती टूथपेस्टसारखी लागली. आणि टूथपेस्टवरून की काय, समोर बघतो तर डॉक्टरीणबाई! त्या एका लयीत पायडल मारत चालल्या होत्या. बारा मीटर. मग दहा. मग सहा. मग मी त्यांच्या मागच्या चाकाला जवळजवळ नाकच लावलं. बाई माझ्या निम्म्यानं, आडोसा म्हणून त्या मला जेमतेम एका खांद्याला पुरत होत्या. पण काय सांगू! कुणीतरी पंखा बंद केल्यासारखा वारा थांबला. सर दुसऱ्या टोकाला होते. रस्त्यावर कुणी नव्हतं. पंधरा किलोमीटर मी तसा गेलो आणि शेवटच्या वळणाआधी सभ्यपणे मागे पडलो.

जेवणाच्या वेळी सरांनी वही काढली. "वकीलसाहेब, शाबास! साठ किलोमीटरला गेल्या महिन्यापेक्षा सहा मिनिटं कमी. बघा पोरांनो, या वयात! याला म्हणतात स्वतःच्या हिमतीवर!"

टाळ्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनीही वाजवल्या. मी माशाच्या आमटीकडे पाहत राहिलो.

आता वकिलाला खोटं पचत नाही असं मी म्हटलं तर छापखान्यातले लोकही हसतील. पण त्या टाळ्या मला पचेनात. सहा मिनिटं! त्यावर कुणाचं लग्न अडलं नव्हतं, कुणाची जमीन बुडत नव्हती. शर्यतसुद्धा नव्हती ती, तालीम होती. तरी घास फिरायला लागला. शेवटी मी उठून, कठड्यात उभा राहिल्यासारखा उभा राहिलो आणि सांगून टाकलं.

सर काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या वेळेत पाच मिनिटं मिळवली. "एक मिनिट कमी. तेही वाईट नाही. बसा, भात घ्या."

"मला माहीत होतं की काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची चेन करकरते. बारा मीटरवरून ऐकू येते होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? मीच सोडून द्यायच्या बेतात होते. मागे कोण आहे म्हटल्यावर हळू व्हायची लाज वाटली."

इंजिनिअरांनी यावर, मागे जवळ दुसरी सायकल असली की पुढच्यालाही हवेचा किंचित फायदा होतो, अशी शास्त्रीय भर घातली आणि मीठ मागितलं. माझ्या अपराधाचा विषय तिथे संपला.

त्यांचा संपला. माझा सुरू झाला. दुपारी सगळे घोरत असताना मी तो लखोटा काढला. 'सदरहू घर लिहून देणार यांनी एकट्याच्या स्वकष्टार्जित उत्पन्नातून बांधले असून…' आणि घास जसा फिरला होता तसं वाक्य फिरायला लागलं.

या बाबतीत कायद्याची एक मोठी गमतीदार गोष्ट आहे. एकत्र कुटुंबाच्या खर्चानं शिकलेल्या माणसाची कमाई कुणाची, हा वाद आपल्याकडे फार जुना. बाराखडी कुटुंबाच्या खर्चानं शिकलात तर कमाई तुमची. पण काही खास विद्या शिकलात तर ती कुटुंबाची, असा भेद कोर्टं करीत. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलनं, कुटुंबाच्या खर्चानं शिकून आय.सी.एस. झालेल्या एका गृहस्थाची कमाई एकत्र कुटुंबाची ठरवली. म्हणजे त्या गृहस्थानं परीक्षा द्यायची, आणि पगारात सगळ्या भाऊबंदांचा वाटा! यावर उपाय म्हणून १९३० साली विद्याधनाचा कायदा झाला. शिकवण्याचा खर्च कुणीही केलेला असो, विद्येची कमाई ही ज्याची त्याची. माझं घर त्या कायद्याच्या पायावर उभं आहे. आणि कायदा चांगलाच आहे. तो नसता तर शिकलेल्या माणसाला जन्मभर चुलतभावांपुढे हिशेब मांडत बसावं लागलं असतं.

बारा मीटरचा नियमही चांगलाच आहे. तो नसता तर पहिलं कोण हे ठरलंच नसतं. बिल्ला कुणाच्या गळ्यात घालायचा हे ठरवायला कुठेतरी रेघ मारावीच लागते. पहिल्या लोहपुरुषाच्या मागेसुद्धा एक गाडी होती, पण नाव एकाचंच लागलं. तेही बरोबर आहे, पाय त्याचे होते.

घोटाळा होतो तो रेघ खिशात घालून घरी नेल्यावर. कुणाला काय द्यायला आपण बांधील नाही, एवढंच कायदा सांगतो. आपण कुणाचे किती लागतो, हा प्रश्न त्याच्यापुढे आलेलाच नसतो. आणि मला बोचलं ते हे की, पंधरा किलोमीटरच्या आडोशानं माझा घास फिरला, पण तीस वर्षांत दुसऱ्या एका आडोशानं एकदाही फिरला नाही. का? तर पहिल्याला नियम होता म्हणून. ज्याला नियम नाही, ते ऋण आपल्या लक्षातच येत नाही. हवेसारखं असतं ते. समोरून आली तर वारा, नाहीतर काहीच नाही.

वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो. अण्णा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. ते परत आले आणि पुन्हा गेले नाहीत. आमच्या गावापासून हायस्कूल सात किलोमीटर. दोन वर्षं अण्णांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून पोचवलं. पावसाळ्यात त्या माळावर वारा असा असतो की चालती सायकल उभी राहावी. मला तो वारा आठवत नाही. मला अण्णांची पाठ आठवते. ड्राफ्टिंगचा पहिला धडा मी तिथे घेतला होता, आणि १२ मीटर नव्हे, बारा इंचांवरून.

परत येताना आजऱ्याच्या पुढे मी सरांना म्हटलं, "फाट्यावर मला उतरवा. सायकलसकट." त्यांनी घड्याळ बघितलं, मला बघितलं आणि ड्रायव्हरला हाक मारली.

अण्णा फाट्यावर बॅटरी घेऊन उभे होते. फोन केला होता. "सायकलवर आलास व्हय गोव्याहून?" हा पहिला प्रश्न. "एस्टी बंद हाय का?"

घरी वहिनींनी भाकरी टाकली. मी जेवता जेवता मसुदा वाचून दाखवला. तीस वर्षांत पहिल्यांदा माझाच मसुदा वाचताना मी अडखळलो. 'स्वकष्टार्जित'पाशी अण्णांनी हात वर केला.

"म्हंजे?"

"म्हणजे, माझ्या एकट्याच्या कष्टाचं."

"मग बरोबर हाय की. परीक्षा काय मी दिलती?"

"अण्णा, पण माझ्या लॉ कॉलेजच्या फीसाठी तुम्ही दोन म्हशी विकल्या."

"एक," अण्णा म्हणाले. "दुसरी आपली आपण मेली. उगंच माझ्या नावावर मांडू नगंस."

बघा. ज्यानं वारा खाल्ला त्याच्याकडे हिशेबच नव्हता, आणि होता तो असा चोख. मी पुढे काही बोलणार तेवढ्यात चुलीपासून वहिनींचा आवाज आला. वहिनी सहसा बोलत नाहीत.

"आणि माझ्या पाटल्या?"

आम्ही दोघेही गप्प. मला त्या माहीतच नव्हत्या. अण्णांना माहीत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं की तेही किती वर्षांत त्या बाजूला वळून बघायला विसरले होते. माझ्यापुढे अण्णांची पाठ होती. अण्णांच्या पुढे कुणाची पाठ होती, हे त्या माळावर मला दिसायचं काही कारणच नव्हतं.

"भांडायला नव्हं," वहिनी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. "हिशोब चाललाय म्हणून म्हटलं."

तो मसुदा मी सही न घेता परत आणला आहे. कायद्याच्या दृष्टीनं त्यात एकही चूक नाही, म्हणून तो दुरुस्त करणं अवघड आहे. घराचा मजकूर बहुधा राहील, घर माझं आहे आणि हप्ते मी फेडले आहेत. विहिरीची बाजू मात्र मी खोडली आहे, आणि तिथे कुणाचं नाव घालायचं ते मी अण्णांनाही विचारणार नाही. आमच्या हिला मात्र विचारावं लागेल, कारण गेली सव्वीस वर्षं माझ्या पुढे कोण आहे हा खटला अजून उभाच राहिलेला नाही, आणि तो मी हरणार आहे.

शर्यत तीन आठवड्यांवर आली आहे. बारा मीटरचं अंतर मी कसोशीनं पाळणार आहे. चेनला तेल घातलेलं नाही. करकरली तर करकरू दे, पुढच्याला कळलेलं बरं.